निवडलेली डाळ

ताई, तुमची तेरवी होऊन आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत, आज दुपारपर्यंत, मी एकदाही धड बसले नव्हते. रडायला म्हणूनसुद्धा नाही. तुम्हाला नेलं त्या दिवशी बायका मला धरून धरून खाली बसवत होत्या आणि मी सुटून कोणाला पाणी दे, कोणाला चटई टाक, कोणाच्या लेकराला बिस्किट दे असं करत फिरत होते. तुमची मावशी म्हणाली, "लहानी सून मोठी कामाची हाये." मला तिथंच तुमचा आवाज ऐकू आला. "कामाची नाई वो मावशी, पायाले भिंगरी हाये तिच्या." असंच म्हणाल्या असत्या ना तुम्ही? आणि गालातल्या गालात हसल्या असत्या. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की बस. ज्या दिवशी चिडवायला हवं होतं, त्याच दिवशी तुम्ही गप्प होत्या.

हे लिहायलासुद्धा आज चौथ्यांदा बसते आहे. पहिल्यांदा वर्ध्याहून मेथीसाठी फोन आला. दुसऱ्यांदा मोटर बंद पडली म्हणून वावरात पळाले. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. ना फोन, ना हाक. तरी मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा पालथी घालून आले. पहिल्या दोन वेळांचं मला काही वाटत नाही, पण ही तिसरी वेळ मनातून जात नाही.

आपण दोघी जावा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्हाला इथं आठ वर्षं झाली होती. सासूबाईंनी आपल्याला नावानं हाक अशी कधी मारलीच नाही. "मोठे" म्हटलं की तुम्ही आणि "लहाने" म्हटलं की मी. सेलूच्या बाजारातसुद्धा आपली तीच ओळख, वांगेवाल्यायच्या मोठी-लहानी. तुम्ही पाल्यावर पाणी शिंपडत शांत बसायच्या आणि मी ओरडून ओरडून गिऱ्हाईक ओढायची. संध्याकाळी तोडणी, पहाटे जुड्या, मग बाजार, मग स्वयंपाक, मग परत तोडणी. मी त्यात आणखी भर घातली. फोनवर ग्रुप काढला, वर्ध्याच्या बायकांना भाजी घरपोच द्यायला लागले. तुम्ही म्हणाल्या होत्या, "अवं, हा फोन तुयं वावर झाला. यातलं निंदण कधी सरत नाई पाय." खरंच सरलं नाही. तुमच्या तेरवीच्या दिवशी त्यावर कोणीतरी विचारत होतं, उद्या पालक आहे का?

पण मला आज सांगायचं ते डाळीचं आहे. तुम्हाला माहीत आहे कोणत्या डाळीचं.

दुपारची भांडी झाली आणि तोडणीला वेळ असला, की तुम्ही सूप घेऊन मागच्या अंगणात जायच्या. हौदापाशी शेवग्याची सावली पडते तिथं पोतं अंथरायच्या, सुपात दोन गिलास तुरीची डाळ घ्यायच्या आणि निवडत बसायच्या. अर्धा तास. कधी थोडा जास्त. छपरीतून सासूबाईंची हाक यायची, "मोठे, काय करून राह्यली वो?" आणि तुम्ही इकडून म्हणायच्या, "डाळ निवडून राह्यली, आई." झालं. निवडणारी बाई म्हणजे कामात असलेली बाई. तिला कोणी उठवत नाही.

मला दोन वर्षं काही कळलं नाही. घरची डाळ, त्यात मातीचे खडे, काड्या असणारच, म्हणून मी लक्षही दिलं नाही. मग एकदा हौदावर मेथी धुताना सहज पाहिलं. तुमची बोटं डाळीतून फिरत होती, पण उचलत काहीच नव्हती. डोळे वांग्याच्या वाफ्यांच्याही पलीकडं कुठंतरी. मी वाकून सुपात पाहिलं. पिवळीधमक, स्वच्छ डाळ. एक काडी नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तीच डाळ. चार दिवसांनी, तीच. अर्धा तास झाला की तुम्ही ती परत एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतायच्या, आणि तो डबा फळीवर सगळ्यात मागं. घरात शिजायची ती डाळ वेगळीच होती. ही फक्त बसण्यापुरती.

मी तुम्हाला पकडलं तेव्हा तुम्ही लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगजो नको कोणाले. नुसतं बसलं तं पाच मिनिटात आठ जण विचारतात, तब्येत बरी नाई का? कोणाचं काई झालं का? त्याहून हे सूप बरं." मी पोट धरून हसले. तुम्हीही हसलात. मी तुम्हाला शब्द दिला होता ताई, कोणाला सांगणार नाही म्हणून. तो शब्द मला नीट आठवतो. मधली इतकी वर्षं मी तो आठवत नसल्यासारखी वागले, पण आठवतो.

स्वातीला पाहायला पुलगावहून पाहुणे आले तो दिवस. तुमची एकुलती एक पोरगी, तुम्ही सकाळपासून धास्तावलेल्या. पाच जण येणार होते, आले नऊ. वरण पुरणार नाही म्हणून माझी धावपळ. रोजच्या डाळीचा डबा खरडला तरी मूठभरच निघाली. मी फळीवर हात घातला, मागचा पत्र्याचा डबा ओढला आणि ती डाळ सरळ कुकरमध्ये लावली. तुम्ही पाहुण्या बायकांपाशी होत्या, तुम्हाला विचारायला मी थांबले नाही. एवढ्यावर राहतं तरी चाललं असतं. पण पंगतीला वाढताना सासूबाईंनी विचारलं, "लहाने, घाईत डाळ निवडली नं?" आणि माझी जीभ सुटली. भरल्या घरात, पाहुण्या बायकांसमोर मी म्हणाले, "ते काय निवडाव लागते आई! मोठ्या ताई पंधरा वर्षापासून रोज तेच डाळ निवडून राह्यल्या. खडा काढून दाखवा त्यातून, लावा तितकी पैज!"

सगळ्या हसल्या. मुलाची आई तर डोळ्याला पदर लावून हसली. तिनं विचारलं, "रोज तेच? काऊन वो बाई?" आणि मी, शहाणी, तेही सांगितलं. की ताईंना नुसतं बसायचं असते म्हणून. तुम्ही भाकरीचं ताट धरून दारात उभ्या होत्या. तुम्हीसुद्धा हसलात. मी तुमच्या चेहऱ्याकडं पाहिलं होतं, आणि तुम्ही हसता आहात असं पाहून मला बरं वाटलं होतं. ताट मात्र तुम्ही कोणापुढं न ठेवता तसंच आत नेलं.

स्वातीचं जमलं. पण तुमची विहीण त्यानंतर जेव्हा जेव्हा आली तेव्हा दारातूनच विचारायची, "काय विहीणबाई, डाळ निवडून झाली का?" घरात सासूबाईंनी रागावून वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मोठे, निवडली अशीन तं तोडणीले लवकर जात जाय." आणि तुम्ही जात गेल्या. महिनाभर हौदापाशी पोतं अंथरलं गेलं नाही. मला ते दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, बाजाराचे दिवस आहेत, काम आहे, म्हणून बसत नसतील. स्वतःला पटवायला किती थोडं पुरतं पाहा.

मग एक दिवस तुम्ही पुन्हा सूप घेऊन मागं गेल्या. मी मेथी निवडत होते. मला तिकडून आवाज आला, टण्ण. थोड्या वेळानं पुन्हा टण्ण. पाहते तर तुम्ही शेजारी स्टीलची वाटी ठेवलेली, डाळीतून खडा वेचून त्यात टाकत होत्या. छपरीत बसलेल्या सासूबाईंनासुद्धा ऐकू जाईल असा आवाज. मी म्हटलं, "यंदा डाळीत लय खडे निघून राह्यले वो ताई?" तुम्ही म्हणाल्या, "हो नं." आणि मला हलकं वाटलं. चला, खरीखुरी डाळ आहे, मिटलं सगळं. सात वर्षं मी रोज दुपारी तो आवाज ऐकला. दुपारी तो आला की मला वाटायचं, घर जागेवर आहे.

मध्यंतरी, गेल्या हिवाळ्यात, मलाही शांत बसण्याची हौस आली होती, आठवतं? ग्रुपवर कोणीतरी पाठवलं, रोज दहा मिनिटं स्वतःसाठी काढा. मी ते पन्नास जणींना पुढं पाठवलं आणि पहाटे पाचचा गजर लावला. डोळे मिटून बसले. मिनिटाभरात डोळ्यापुढं फुलकोबीच आली. किती काढायची, कोणाला द्यायची. गजर बंद करायला फोन हातात घेतला तो ठेवलाच नाही. तुम्ही चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "झालं ध्यान?" मी म्हटलं, "हो, अन दोन आर्डरपण झाल्या." तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला.

त्याच हिवाळ्यातली ती दुपार मला सोडत नाही. मी फोनवर वर्ध्याच्या एका बाईशी कडाकडा भांडले होते. पालकाला माती होती म्हणाली. पालकाला माती नाही तर काय सोनं लागणार? फोन ठेवला आणि त्याच तोंडानं मी पोराला झापलं, नवऱ्याला झापलं, मांजरालासुद्धा. तुम्ही हौदापाशी होत्या. पोत्यावर सरकून जागा केलीत आणि म्हणाल्या, "बस इथं."

"दहा मिनिटांनी येते, ताई."

"तुये दहा मिनिटं आजवर आले नाई वो. आत्ताच बस."

मी टेकले. अर्धवट, एक पाय उभा ठेवून. विचारलं, "तुमी इथं बसून करता तरी काय? देवाचं नाव घेता?"

"देवाले कायले त्रास," तुम्ही म्हणाल्या. "सकाळपासून कोणाले काय बोलली, ते एकडाव आठवाव. मनात मांगं मांगं जाव. जिथं खुपलं, तिथं जरासं थांबाव. बस, इतकंच."

"अन मंग?"

"मंग वांगे तोडाले जाव."

मी हसले. मग मला काय सुचलं कोण जाणे, विचारून बसले, "मी खुपते का वो ताई तुमाले? त्या आठवण्यात?" तुमची बोटं सुपात थांबली. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. एक खडा उचलून वाटीत टाकलात आणि म्हणाल्या, "मायं मी पाह्यतो. तुयं तू पाह्यजो." तेवढ्यात माझा फोन वाजला. तीच पालकवाली बाई. मी उठले. पाठीमागून तुम्ही म्हणाल्या, "येजो मंग."

मी आले नाही, ताई. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. तो दहा मिनिटांचा वायदा मी हिवाळा गेला, उन्हाळा गेला तरी फिरवत राहिले. आपला तो वाद तसाच राहिला. मी म्हणायची, बसून काय मिळते? तुम्ही म्हणायच्या, मिळाले कायले पाह्यजे? मला अजून तुमचं पटलेलं नाही. पण भांडायला तुम्ही नाही, म्हणून जिंकल्यासारखंही वाटत नाही.

काल दुपारी फळ्या पुसायला काढल्या. काम हवंच होतं. सगळ्यात मागं तो पत्र्याचा डबा. झाकण उघडलं, आत डाळ, स्वच्छ, पिवळीधमक. मी हात घालून चाळवली, खाली काहीतरी लागलं. तुमच्या जुन्या हिरव्या पातळाची चिंधी, गाठ मारलेली. सोडली. आत खडे. धुतलेले, तुरीच्या दाण्याएवढे, गुळगुळीत.

आपलं वावर काळ्या मातीचं. आपल्या तुरीत असले खडे निघत नाहीत, ताई. मातीचे बारीक गोळे निघतात, ते बोटात फुटतात. हे रेतीतले होते. मागं न्हाणी बांधली तेव्हा अंगणात रेतीचा ढीग पडला होता, तिथले तुम्ही वेचलेत. एकेक पाहून, बेताचा. मी फळीखाली उभी राहिले आणि माझ्या कानात तो सात वर्षांचा आवाज एकदम आला. टण्ण. टण्ण. रोज तुम्ही डाळीत खडे मिसळायच्या, रोज ते काढायच्या, वाटीत वाजवायच्या, आणि उठताना पुन्हा चिंधीत बांधून ठेवायच्या. माझ्या एका विनोदानंतर तुम्हाला बसायचीसुद्धा अशी मजुरी करावी लागली. आणि त्यावर मी विचारते, यंदा खडे लय निघून राह्यले वो? आणि तुम्ही म्हणता, हो नं.

तुम्ही मला ओरडायला हवं होतं. त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, चुलीपाशी ओढून एक ठेवून द्यायची होती. मी रडले असते, पाय धरले असते, मोकळी झाले असते. तुम्ही ते काही केलं नाही, आणि मला हे कळतच नाही की तुम्ही मला माफ केलं होतं की नुसतं सांभाळून घेतलं होतं. हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं तेही मला माहीत आहे. तुयं तू पाह्यजो.

म्हणून आज दुपारी मी गेले. फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून. पोतं अंथरलं, सूप घेतलं, डाळ ओतली, खडे मिसळले, वाटी शेजारी ठेवली. दोन्ही पाय दुमडून बसले. तुम्ही म्हणाल्या तसं मागं मागं जायला लागले. सकाळी नवऱ्याला काय बोलले. काल बाजारात कोणाला डाफरले. पाय शिवशिवत होते, शेवग्यावर मुंगळे आहेत का बघावं वाटत होतं, मेथी कोमेजत असेल वाटत होतं. तरी मागं मागं गेले आणि ते दार आलं, जिथं तुम्ही भाकरीचं ताट धरून हसत उभ्या होत्या. तिथं थांबले. फार खुपलं, ताई. मी तुमच्या सुपात तोंड खुपसून रडले. डाळ ओली झाली. माझं चुकलं. मी शब्द मोडला, आणि तुमची एवढीशी जागा होती ती चारचौघींत हसण्यावारी नेली. माझं चुकलं.

तेवढ्यात छपरीतून हाक आली. "लहाने! मांगं काय करून राह्यली वो?"

माझ्या बोटात खडा होता. वाटी हाताशी होती. नुसता टाकायचा अवकाश, टण्ण झालं असतं आणि आईंना उत्तर मिळालं असतं. सात वर्षं तुम्हाला पुरलेलं उत्तर. मी तो खडा मुठीत धरला. मग सूप मांडीवरून काढून बाजूला ठेवलं.

"काई नाई, आई," मी ओरडून म्हटलं. "बसली हाव. नुसतीच."

 तिकडून काठीचा आवाज आला. आई भिंतीला धरत, गुडघ्यांना शिव्या देत मागच्या दारात आल्या. माझ्या तोंडाकडं पाहिलं, रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग सुपातल्या ओल्या डाळीकडं. आता विचारतील, तब्येत बरी नाही का, कोणाचं काही झालं का. मी उठायच्या बेतात होते.

"बस, बस," त्या म्हणाल्या. काठी भिंतीला टेकवली आणि पोत्याचं टोक पायानं सरळ केलं. "सरक जराशी."